परतीचा उंबरठा

प्रवासाच्या इतिहासात प्रस्थानाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे परतीला मिळालेले नाही. मराठी प्रवासवर्णनांतही निघण्याची लगबग, परक्या भूमीचे पहिले दर्शन, तेथील नवलाई यांना भरपूर पाने मिळतात. घरी येणे मात्र बहुधा अखेरच्या परिच्छेदात उरकले जाते. वस्तुतः आपल्या परंपरेत यात्रा पूर्ण होते ती परतल्यावर. काशीहून आलेला यात्रेकरू मावंदे घालतो, गंगोदक वाटतो, आणि मगच तो पुन्हा संसारी माणूस होतो. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीतून वाचून गंगोदकाची कावड घेऊन घरी आले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये या परतीचीही हकीकत आहे. प्रवास आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा असतो व तो ओलांडावयास वेळ लागतो, ही जाण अशा विधींमागे होती. परदेशाहून विमानाने घरी येण्याचा इतिहास पाहताना या उंबरठ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारावयास हवा.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालणारा महिनोन् महिन्यांचा जलमार्ग मागे पडला. तरीही आगबोटीने विलायतेहून मुंबईस येण्यात काही आठवडे जातच. मोहनदास गांधी १२ जून १८९१ रोजी इंग्लंडहून निघाले आणि खवळलेल्या पावसाळी समुद्रातून मुंबईस उतरले, तेव्हा आई निवर्तल्याची वार्ता त्यांना प्रथमच कळली. समुद्र ओलांडल्याचा ज्ञातीचा रोष शमावा म्हणून थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन नदीत स्नान घडविले. घरी पोचण्यापूर्वीचा हा उंबरठा समाजाने घातलेला होता, आणि तो अनेकांना जाचक वाटला असल्यास नवल नाही. आनंदीबाई जोशी १८८६च्या नोव्हेंबरात वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या त्या खंगलेल्या देहाने. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्या काळच्या परतीविषयी केवळ हळवेपणाने बोलता येणार नाही ते यामुळे.

परंतु बोटीवरच्या दिवसांनी काही दिलेही. नोव्हेंबर १९०९मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर गांधींनी ‘हिंद स्वराज’ अवघ्या दहा दिवसांत लिहून काढले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. जे पाहिले त्याचा अर्थ लावण्यास लागणारे अंतर आणि अवकाश त्या समुद्राने त्यांना दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

विमानाने हा अवकाश एकदम हिरावून घेतला नाही. मार्च १९२९मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन ते कराची सेवा सुरू झाली, तेव्हा या प्रवासास सुमारे आठवडा लागे आणि वाटेतला एक टप्पा तर आगगाडीने करावा लागे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, आणि आठवड्यांचा हिशेब तासांवर आला. तथापि केवळ हौसेखातर परदेशी जाणे अद्याप सामान्यांच्या आवाक्यात नव्हते. परकीय चलनावर कडक निर्बंध होते. जाणाऱ्यांत विद्यार्थी, अधिकारी, व्यापारी यांचाच भरणा असे. १९९१नंतर हे निर्बंध सैल होत गेले आणि परदेशातील सुट्टी हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बेतांचा भाग झाला.

मधल्या काळात उंबरठ्याचे रूप पालटले होते. प्रायश्चित्ताची जागा विमानतळावरील जकातीच्या मेजाने घेतली. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत सोन्याचा प्रश्न विशेष नाजूक असे. शिवाय कॅमेरा, ट्रान्झिस्टर, अत्तराची कुपी यांचा जाब द्यावा लागे. गंगोदकासारख्याच याही वस्तू आप्तेष्टांत वाटावयाच्या असत. परतणाऱ्याकडून सर्वांनाच काहीतरी हवे असते, ही रीत मात्र बदलली नाही.

खरा बदल घडला तो देहाच्या पातळीवर. पूर्वेकडे येणाऱ्या बोटीवर घड्याळ थोडेथोडे पुढे सारले जाई. हिवाळ्यात लंडन व मुंबई यांमध्ये जे साडेपाच तासांचे अंतर असते, ते अनेक दिवसांत विभागले जाई. विमानप्रवासी ते एका रात्रीत ओलांडतो. गंमत अशी, की उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा युरोपातून भारताकडे येणाऱ्या विमानाला साहाय्य करतो, पण देह अडून बसतो. माणसाच्या शरीरातील घड्याळाची फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असते. दिवस लांबलेला त्याला सोसतो, आखडलेला सोसत नाही. म्हणून युरोपला जाण्यापेक्षा तेथून परतणे अधिक जड जाते. घरच्या अंथरुणावर पहाटेपर्यंत टक्क जागा असलेला प्रवासी अजून वाटेतच असतो. समाजाने सोडून दिलेला विधी आता शरीर पार पाडते.

या परतीला आणखी एक वळण मिळाले. परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी दिशाच उलटली: सुट्टी भारतात, आणि सुट्टीनंतरचे घर समुद्रापलीकडे. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ हे विमान मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे भारताकडे येत असता आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक भारतीय वंशाचे कॅनडावासी होते, पुष्कळ मुले होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातेवाइकांना भेटावयास निघालेली ही कुटुंबे घरी येत होती की घर सोडून चालली होती? ‘घर’ हा आपला एकवचनी शब्द येथे अपुरा पडतो.

मार्च २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली, तेव्हा गृहीत धरलेली परत ही याचना झाली. ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेतील विमाने अडकलेल्यांना आणू लागली, आणि आरंभीच्या नियमाप्रमाणे आलेल्यांना चौदा दिवस विलग राहावे लागे. आपल्याच देशात उतरूनही घराबाहेर थांबणे एका पिढीने प्रथमच अनुभवले. विष्णुभटांच्या काळातील माणसाला त्यात कदाचित फारसे नवल वाटले नसते.

प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने म्हणूनच अखेरचा तो घाईचा परिच्छेद पुन्हा वाचावा. जाणारा काय पाहतो हे आरंभीची पाने सांगतात; त्या पाहण्याने तो किती बदलला, आणि बदललेल्या माणसाला घराने कसे सामावून घेतले, याचा पुरावा परतीतच सापडतो. पुष्कळदा तेथे एखाददुसरेच वाक्य असते. ते इतके तोकडे का राहिले, हेही विचारण्यासारखे आहे.