प्लेगात माळावर, कोरोनात घरात

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये दोन निरोप एकदमच आले: घराबाहेर पडू नका, आणि घरच्या घरी व्यायाम करा. आपल्याकडच्या साथींच्या इतिहासात ही जोडी नवीच म्हणायची.

१८९६ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. घरात उंदीर पडायला लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या टाकत. धोका घरातच होता ना! हाल भरपूर झाले, पण अंगाची हालचाल थांबली नाही. पाणी, सरपण, शेत, सगळं पायीच.

बसून राहण्यानंही शरीर खचतं, हे मोजून कळलं फार नंतर. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना जवळपास तीन आठवडे नुसतं अंथरुणात ठेवलं. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली! गंमत बघा, तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वाढत्या वयानंही तेवढी घसरण झाली नव्हती.

आता पिंपळगाव रेणुकाईकडे या. भोकरदन तालुक्यातलं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. केंद्रानं २७ मार्च २०२०लाच शेतीकामाला सूट दिली होती. म्हणजे ज्यांच्या हातात खुरपं, त्यांना सूर्यनमस्काराचे व्हिडिओ कशाला हवेत? औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत नेलेला हा व्यायाम सतरंजीएवढ्या जागेत होतो, त्यामुळे शहरातल्या खोल्यांना तो बरोबर बसला.

खेड्यात खरे अडकले ते म्हातारे. शेतातलं काम सुटलेलं, आणि पासष्टीपुढच्यांनी घरातच राहावं असा आदेश. त्यांचं चालणं म्हणजे पारापर्यंत, देवळापर्यंत. राज्यातली देवळं उघडली थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मधले आठ महिने गेले खाटेवर.

डॅलसच्या पोरांची ताकद परत आली, कारण पुढचे आठेक आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. सत्तरीत तसं सोपं नसतं. स्नायू लवकर झिजतात, भरायला वेळ लागतो. आणि मोबाईलवर जे फिरत होतं ते बहुतेक तरुणांच्या उड्या-जोरांचं. खाटेच्या काठावरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, ओसरीत दिवसातून चारदा फेऱ्या, एवढं आजोबांना सहज जमलं असतं.