आपल्या इमारतीतल्या वायरी

स्मरणिकेत पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टचा इतिहास येईलच. मला कमिटीने वायरींबद्दल लिहायला सांगितलं, कारण काही वर्षं मी सचिव होतो आणि वायरींवरून माझ्याइतकी बोलणी कुणी खाल्ली नसतील.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. मोडेम किंचाळत नंबर फिरवायचा, वेग फार तर ५६ केबीपीएस. नेट चालू असलं की फोन एंगेज. सौ.च्या माहेरून विचारणा व्हायची, "तुमच्याकडे एवढं बोलतं तरी कोण?" आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन तुटलंच.

मग केबलवाल्याचं नेट आलं. गच्चीवर पेटीत स्विच आणि तिथून लॅनच्या वायरी खाली खिडक्या-खिडक्यांत. ही वायर शंभर मीटरपर्यंतच नीट चालते, म्हणून स्विच जवळ हवा. पण त्याला वीज लागते, आणि ती जोडली होती सोसायटीच्या कॉमन मीटरला! वार्षिक सभेत यावर दीड तास गेला. ज्यांच्या घरी कॉम्प्युटरच नाही त्यांनी बिल का भरायचं? प्रश्न रास्त होता. शेवटी केबलवाल्याने दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, यावर मिटलं. पुढच्या पावसाळ्यात विजांनी तो स्विचच जाळला, ते वेगळं.

आता माझी चूक. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं तेव्हा "वायरी काढून घ्याव्यात" अशी दोन दिवसांची नोटीस मी फक्त खालच्या फलकावर लावली आणि मुदत संपताच वायरी कापायला लावल्या. त्याच रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अमेरिकेतल्या नातीचं बारसं वेबकॅमवर बघणार होत्या. गुडघ्यांमुळे त्या महिनोन्महिने खाली उतरत नसत, फलक वाचणार कुठून? बारसं झालं. आजींना दिसलं नाही. मी माफी मागायला गेलो तर भांडल्या नाहीत. चहा दिला आणि म्हणाल्या, "नोटीस दाराखालून सरकवत जा हो." आपल्याकडे नोटीस घरोघर जाते ती तेव्हापासून. नव्या सभासदांना हे ठाऊक नसेल.

सरकारी ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये आलं होतंच. तीच टेलिफोनची तार, पण स्प्लिटर लावला की फोन आणि नेट दोन्ही एकदम. पुढे वायफाय आलं आणि घरातल्या घरात वायर ओढायची कटकट संपली; आतल्या बेडरूममध्ये भिंतींमुळे रेंज मिळत नाही, ही तक्रार मात्र नवी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या वायफायवर शेजारची दोन मुलं जिन्यात बसून शाळा करायची. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी अजून दारामागे आहे.

आता फायबर आहे. डक्टमध्ये मात्र जुन्या मेलेल्या वायरींचं जंगल तसंच आहे. दिवाळीनंतर ते साफ करायचं ठरलंय. आपली चालू वायर ओळखून तिला फ्लॅट नंबरची चिठ्ठी बांधा. नोटीस दाराखालून येईलच.