देवनागरी संकेतांकन

संगणकात अक्षराऐवजी त्यास नेमून दिलेला अंक साठविला जातो. या नेमणुकीस संकेतांकन म्हणतात. अमेरिकेतील ‘आस्की’ (१९६३) या ७ बिटांच्या संकेतावलीत १२८ चिन्हेच मावत. युनिक्स प्रणाली (१९६९) व सी भाषा (१९७२) यांत एक चिन्ह म्हणजे एक बाइट हेच गृहीत धरले गेले. भारतीय मानक ‘इस्की’ने (१९९१) आस्की कायम ठेवून आठव्या बिटामुळे मिळालेल्या जागेत भारतीय लिप्यांचे वर्ण बसविले. तिच्या १९८८ च्या आवृत्तीतील वर्णक्रम युनिकोडने स्वीकारला. पुढे केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धती रचली (१९९२). जुन्या आज्ञावल्या चालू राहाव्यात म्हणून तीत आस्कीची चिन्हे एका बाइटातच राहिली. देवनागरी चिन्हास मात्र ३ बाइट लागतात. त्यामुळे रोमन लिपीत ६ बाइटांत मावणारे ‘नांदेड’ हे नाव देवनागरीत १८ बाइट व्यापते, ‘लातूर’ १५. वाचकाच्या लेखी ‘नांदेड’मध्ये अक्षरे तीनच. सी भाषेतील लांबी मोजण्याची नेहमीची सोय बाइटच मोजते. बाइटांची मर्यादा घातल्यास नाव अक्षराच्या मध्येच तुटू शकते. म्हणून मराठी मजकुरासाठी अक्षरांची सीमा ओळखणारी आज्ञावली आवश्यक ठरते.