यादीत नाव कोण घालतं?

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. उपचार मोफत झाले; पण जुन्या रुग्णालयांबरोबर सुमारे ५ लाख नावांची प्रतीक्षायादीही या सेवेच्या पदरात पडली. त्या काळी मुलांवर सर्रास होणारी, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया म्हणजे टॉन्सिल काढणं. रांग लांबली की आपण म्हणतो, खाटा कमी, सर्जन कमी. ते खरंच असतं. पण मुळात यादीत नाव जातं कसं, हेही पाहायला हवं.

दहा वर्षं आधी, १९३८ मध्ये, ॲलिसन ग्लोव्हर या डॉक्टरांनी इंग्लंड-वेल्समधल्या शाळकरी मुलांच्या टॉन्सिल-शस्त्रक्रियांचे आकडे मांडले होते. लगतच्या भागांतही प्रमाणात कित्येक पटींचा फरक होता. हवामान, दारिद्र्य, घरांतली दाटी, कशाशीच त्याचा मेळ बसेना. उलट सधन घरांतल्या मुलांचेच टॉन्सिल जास्त निघत होते. उत्तर लंडनजवळच्या हॉर्नसीत १९२८ साली अशा १८६ शस्त्रक्रिया झाल्या, १९२९ साली फक्त १२. मुलांचे घसे वर्षभरात सुधारले नव्हते; शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते.

त्याआधी, १९३४ मध्ये, न्यूयॉर्कमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. शाळेतली १,००० मुलं. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. नको म्हटलेल्या २१५ मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ९९ निवडली. राहिलेल्या ११६ मधून तिसऱ्या फेरीत आणखी ५१. शेवटी हजारांतली ६५ मुलं उरली!

डॉक्टर लबाड नव्हते. समोरच्या मुलांपैकी निम्म्यांना तरी गरज असणारच, अशी नजरेला सवय झाली होती. पण त्या सवयीची किंमत मुलं मोजत होती. भूल आणि रक्तस्राव यांचा धोका होता, या शस्त्रक्रियेत मुलं दगावतही होती. शिवाय गरज नसलेलं एक नाव यादीत चढलं की खरी गरज असलेलं मूल एका जागेने मागे सरकतं.

आणि 'तातडीची नाही' म्हणजे 'कितीही थांबलं तरी चालेल' असं नव्हे. अंडकोष खाली न उतरलेल्या मुलांबाबत एके काळी वयात येईपर्यंत वाट पाहत. आज दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी असा सल्ला देतात. म्हणजे त्या बाळाला वर्षभर रांगेत ठेवलं, तर योग्य वेळ रांगेतच सरते.

खाटा वाढवायलाच हव्यात. पण कुणाला शस्त्रक्रिया नकोच आणि कुणाला थांबवून चालणार नाही, हे नीट पारखलं नाही, तर वाढलेल्या खाटाही चुकीच्या मुलांनी भरतील.