हेगचा निकाल आणि सरकारचे गुप्त गणित

#थ्रेड

२७ मार्च १९४३ ची रात्र. अ‍ॅमस्टरडॅमच्या नागरी नोंदणी कार्यालयात पोलिसी गणवेश चढवलेले काही क्रांतिकारक शिरले आणि त्यांनी नोंदपत्रांच्या कपाटांना आग लावली. त्या नोंदींत धर्माचा रकाना होता. तो नाझींनी काढलेला नव्हता. डच प्रशासनानेच शांततेच्या काळात, सोयीसाठी ठेवला होता. देशातील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले, त्यात या नीटनेटक्या नोंदींचा वाटा मोठा होता. आगीत नोंदींचा काही भागच जळाला. १ जुलै रोजी बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच देशात २०१४ साली ‘सिरी’ नावाची यंत्रणा कायद्याने अस्तित्वात आली. (आयफोनमधली सिरी वेगळी.) कर, कर्ज, घर, शिक्षण, दंड, आरोग्यविमा अशा १७ प्रकारची माहिती एकत्र करायची आणि सरकारी अनुदान लाटण्याचा धोका कोणाकडून आहे, हे संगणकाने सुचवायचे, अशी ती योजना. तिचा रोख मात्र रॉटरडॅममधील ब्लूमहॉफ, हिलेस्लाउस यांसारख्या गरीब वस्त्यांवरच राहिला. आपले नाव निघाले आहे, हे त्या माणसाला कळवणे बंधनकारक नव्हते.

नागरी हक्क संघटना, कामगार संघटना ‘एफएनव्ही’ आणि दोन लेखक न्यायालयात गेले. खरी गंमत तिथे झाली. ही स्वतः शिकत जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असल्याचा वादींचा आरोप होता, तर हा साधा निर्णयवृक्ष असल्याचे सरकारचे म्हणणे होते. मग निकष दाखवा! सरकारने नकार दिला. निकष उघड झाले तर लबाड लोक सावध होतील, हे कारण. परिणामी यंत्रणा नेमकी काय आहे, हे न्यायाधीशांनाही पडताळता येईना. ती पक्षपाती आहे असे न्यायालय म्हणाले नाही. नाही याची खात्रीच करता येत नाही, असे म्हणाले. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने युरोपीय मानवाधिकार कराराच्या ८ व्या कलमाच्या, म्हणजे खासगी जीवनाच्या हक्काच्या आधारे तो कायदा निष्प्रभ ठरवला. सरकारने अपील केले नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. बालसंगोपन अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना कर खात्याने लबाड ठरवले होते. त्या खात्याच्या जोखीम-गणितात ‘डच नागरिकत्व आहे की नाही’ हाही एक निकष होता. पुन्हा एक रकाना! त्या प्रकरणापायी १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

डिसेंबर २०२२ मध्ये डच सरकारने अल्गोरिदमची सार्वजनिक नोंदवही उघडली. कोणते खाते कोणते गणित कशासाठी वापरते, हे आता कोणालाही त्यात वाचता येते. फक्त, तिच्यात नोंद करणे खात्यांवर सुरुवातीला कायद्याने बंधनकारक नव्हते.