न विचारलेला प्रश्न

कर्करोग झालेली प्रोस्टेट ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात केली. पुढची पाऊणशे वर्षं एक गोष्ट गृहीतच होती: जीव वाचला तरी लिंगाची ताठरता जाणार. ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीच्या आतून जातात, तेव्हा ग्रंथीबरोबर त्याही जाणार, असा समज होता. कर्करोगातून वाचलेल्या माणसाने त्याबद्दल कुरकुर कशाला करायची, असंच डॉक्टरांना आणि बहुधा रुग्णालाही वाटत असावं.

पॅट्रिक वॉल्श १९७४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मूत्ररोग विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा या शस्त्रक्रियेत इतका रक्तस्राव होई, की सर्जनला समोरचं धड दिसत नसे. वॉल्श यांनी तिथल्या शिरांची रचना अभ्यासून रक्त आधीच रोखण्याची रीत बसवली. आता निदान पाहता येऊ लागलं. १९७७ मध्ये त्यांचा एक रुग्ण तीन महिन्यांनी तपासणीला आला आणि म्हणाला, माझे शरीरसंबंध पूर्वीसारखे सुरू आहेत. नसा खरोखर ग्रंथीतून जात असत्या, तर हे शक्यच नव्हतं. म्हणजे समजातच कुठेतरी खोट होती.

उत्तर सापडलं हॉलंडमध्ये. फेब्रुवारी १९८१ मध्ये वॉल्श लायडनला गेले असता निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांची भेट झाली. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या शरीरात मूत्राशयाच्या नसांचा माग काढत होते. प्रौढांच्या मृतदेहात चरबी आणि तंतूंच्या गुंत्यात या बारीक नसा हरवतात. अर्भकात त्या स्पष्ट दिसतात. लिंगाकडे जाणाऱ्या नसा कुठे आहेत, असं वॉल्श यांनी विचारलं. डोंकर यांनी त्या कधी शोधल्याच नव्हत्या. दोघं शोधायला बसले आणि काही तासांत दिसलं, की नसा ग्रंथीच्या आवरणाबाहेरून, दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी त्या जाणूनबुजून वाचवत ५२ वर्षांच्या एका प्राध्यापकावर शस्त्रक्रिया केली. वर्षभरात त्यांची ताठरता परतली.

पण नस वाचली म्हणजे ती लगेच कामाला लागली असं नाही. शस्त्रक्रियेत ताणलेल्या, हाताळलेल्या नसा सुन्न पडतात. त्या सावरायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. कर्करोग नसांपर्यंत पोचला असेल तर त्या काढाव्याच लागतात. मधल्या काळात लिंगाला पुरेसं ताजं रक्त मिळालं नाही, तर तिथल्या ऊती कडक होतात. म्हणून १९९७ मध्ये मिलानच्या फ्रांचेस्को मोंतोर्सी यांनी ३० रुग्णांवर एक छोटा प्रयोग केला. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेनंतर लवकरच, आठवड्यातून तीनदा, लिंगात औषधाचं इंजेक्शन घ्यायला लावलं. सहा महिन्यांनी त्यांचा निकाल इतरांहून बराच सरस होता. ‘पुनर्वसन’ हा शब्द तेव्हापासून रुळला. १९९८ मध्ये व्हायग्रा आली आणि तसल्या गोळ्या रोज द्यायची पद्धत पडली. पण २००८ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं, की व्हार्डेनाफिलची गोळी रोज रात्री घेतल्याने, गरजेपुरती घेण्यापेक्षा, दूरचा फायदा होत नाही. अर्थात गोळी, निर्वात पंप, इंजेक्शन आणि शेवटी कृत्रिम रोपण हे मार्ग आजही उपयोगी आहेत.

एक बाब मात्र क्वचितच सांगितली जाते. ग्रंथी गेल्यावर वीर्य येत नाही, पण स्पर्शाची जाणीव नेणारी नस वेगळी असते. त्यामुळे ताठरता नसतानाही कामतृप्ती अनुभवता येते. हे आधी ठाऊक नसलेला पुरुष पहिल्या कोरड्या अनुभवानंतर स्वतःला संपलेला समजून बायकोपासून दूर सरकतो, आणि तिला वाटतं, आपण नकोशा झालो.

आपल्याकडे ऑपरेशननंतर भेटायला येणारे लघवीची चौकशी करतात, भूक लागते का विचारतात. हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारायचा कसा हे रुग्णालाही समजत नाही. पण १९७७ साली तो एक रुग्ण तोंड मिटून घरी गेला असता, तर वॉल्श यांनी लायडनमध्ये तो प्रश्न विचारला असता का?