पेणचा गणपती आणि रंगाशिवाय रंग

पेणचा गणपती म्हटलं की आम्ही रोहेकरसुद्धा आधी डोळ्यांची आखणी बघतो. शाडूची मूर्ती शेवटी पाण्यातच जाणार. फोटो राहतो, पण आपण बाजूला सरकून सोंडेआडचं बघू म्हटलं तर फोटोत ते जमत नाही. होलोग्राममध्ये जमतं! म्हणून सध्या माझे शनिवार-रविवार रंगीत होलोग्रामच्या तयारीत चाललेत.

मंडळी, ही गोष्ट लेझरच्या बरीच आधी सुरू होते. १८९१ मध्ये पॅरिसला गाब्रिएल लिपमन यांनी कुठलाही रंग न वापरता रंगीत फोटो काढला. काचेवर अतिशय बारीक कणांचा जिलेटिनचा थर आणि त्याला लागून पारा. येणारा प्रकाश पाऱ्यावरून परतला, दोघांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या आणि जिलेटिनमध्ये पापुद्रे उमटले. पापुद्र्यांमधलं अंतर हाच रंग: जास्त असेल तर तांबडा, कमी असेल तर निळा. त्यासाठी १९०८ चं नोबेल मिळालं, पण प्रती काढता येईनात म्हणून पद्धत मागे पडली.

१९४७ मध्ये डेनिस गाबोर यांना होलोग्राफी सुचली, १९६० मध्ये लेझर आला. १९६२ मध्ये सोव्हिएत रशियात युरी डेनिस्युक यांनी लिपमनचाच धागा उचलला आणि पाऱ्याच्या जागी चक्क वस्तूच ठेवली! प्रकाश काचेतून आरपार जातो, वस्तूवरून परततो आणि काचेतच स्वतःला भेटतो. असा होलोग्राम साध्या दिव्यातही दिसतो. पुढे सोव्हिएत संग्रहालयांनी मौल्यवान वस्तूंऐवजी त्यांचे होलोग्राम प्रदर्शनात मांडले.

रंगीतसाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन लेझर एकाच वाटेने सोडायचे. पण सुरुवात एकट्या तांबड्याने केलेली बरी. (लेझरकडे थेट बघायचं नाही, बरं का.)

आता आपल्याकडची अडचण. मूर्ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी हलली तरी काच वाया! पेणला हायवेचे ट्रक, रोह्याला रेल्वे.. म्हणून काम रात्री, आणि सगळं सामान हवा भरलेल्या ट्यूबवर टेकवलेल्या जड फरशीवर. मूर्तीही पूर्ण वाळलेली हवी, ओला शाडू आकसत असतो. त्यात कोकणातला पाऊस: दमट हवेत जिलेटिन फुगतं, पापुद्रे लांब जातात आणि हिरवा पिवळ्याकडे सरकतो. उपाय म्हणजे वरून दुसरी काच लावून कडा बंद करणं.

असो. विसर्जन व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण आखणी करणाऱ्याकडे त्याचं काम कधीच उरत नाही. पहिली बरी काच त्याच्याच हातात द्यायची, एवढं ठरवलंय.